सात-चाळीसच्या बोटीची घोषणा

४ फेब्रुवारी

प्रिय बारके,

हे कामाचं पत्र आहे. आधीच सांगून टाकते, नाहीतर पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते न फोडताच शिवणयंत्राच्या खणात टाकशील. नऊ वर्षांत वाढदिवसाला पाठवलेली माझी नऊ कार्डं त्याच खणात असणार, असा माझा अंदाज आहे. त्यांची गोष्ट वेगळी. त्यांत काम नव्हतं.

मी कोर्टकचेरीतल्या दुभाषीपणातून निवृत्त झाले, हे तुला कुणीतरी सांगितलं असेलच. घरी बसून दोन वर्षं झाली. कपाटं इतक्या वेळा आवरली, की आता ती मला बघून घाबरतात. अशात गेल्या आठवड्यात बंदरावरच्या नव्या साहेबांचा निरोप आला. हे राजधानीतून बदलून आलेत. सज्जन आहेत. डोक्यावर केस कमी आणि डोक्यात योजना फार. धक्क्यावरच्या कर्ण्यावरून बोटींच्या घोषणा आजवर फक्त सरकारी भाषेत होत. मागच्या वर्षी बोट दुसऱ्या टोकाला लागणार असं कर्ण्यानं सांगितलं, ते अर्ध्या लोकांना कळलं नाही, ऐनवेळी पळापळ झाली आणि एक म्हातारी पाण्यात पडली. तिला वर काढलं तेव्हा तिनं हातातली पिशवी सोडलेली नव्हती आणि तिचं तोंडही बंद नव्हतं. ती काय बोलते ते साहेबांना कळेना. तेव्हापासून त्यांनी मनावर घेतलं, की घोषणा लोकांच्या बोलीत झाल्या पाहिजेत. आणि लोकांची बोली जाणणारी शिकलेली बाई म्हणून सगळ्यांनी माझं नाव पुढे केलं.

"तुमची ही बोली म्हणजे नेमकं काय?" साहेबांनी विचारलं.

तुला हे सांगावं लागत नाही, त्यांना सांगितलं. गोदी बांधायला चार मुलखांतून माणसं आणली होती. एकाचं दुसऱ्याला कळेना. मग मुकादमांच्या तोंडचे शब्द उचलले, आपापल्या घरच्या चालीवर बसवले आणि काम भागवलं. त्यांची पोरं जन्माला आली ती या भागवाभागवीतच. त्यांना दुसरी आईची भाषा नव्हतीच. ती आपली आजी, आजोबा. आपण त्यांच्या नाती.

"म्हणजे आमचीच भाषा," साहेब म्हणाले, "पण मोडकी."

"मोडकी असती साहेब, तर त्या म्हातारीचं तुम्हाला थोडंतरी कळलं असतं."

ते हसले. माणूस बरा आहे. मग म्हणाले, "ठीक आहे, मला तिच्यात एक घोषणा लिहून द्या."

मी विचारलं, कोटातल्या, सदऱ्यातल्या, की गंजीफ्रॉकातल्या? त्यांनी वही उघडली. मग मी त्यांना बाबांचं सांगितलं. मालाच्या शेडमधले कारकून बाबा कोट घालून बोलले की साहेबांना सगळं कळायचं, इतकी ती बोली सरकारी भाषेच्या शेजारी राहते. कोट काढून सदऱ्यावर दुकानात गेले की निम्मं कळायचं. आणि घरी येऊन गंजीफ्रॉकवर ओट्यावर बसले की साहेबांच्या बापालाही एक अक्षर कळलं नसतं. तीन भाषा नाहीत, एकच आहे. मध्ये भिंतीही नाहीत, नुसता उतार आहे. माणूस एका वाक्यात पाचदा वर-खाली करतो आणि त्याला पत्ताही नसतो. कचेरीत तर आमच्या न्यायाधीशांनी यावरून ताळा बसवला होता. साक्षीदार बोलता बोलता कोटात शिरला, की ते पेन खाली ठेवत. म्हणत, "आता खोटं सुरू झालं, चहा मागवा."

साहेबांनी हे सगळं वहीत उतरवून घेतलं आणि कोटातली निवडली. सरकारी कामाला शोभायला हवी ना. मलाही तेच बरं वाटलं. खरं तर मला लिहिता येते ती तेवढीच. हे पत्रही बघ, कोटातच आहे. दुसरी कागदावर बसतच नाही. कुणी बसवलीच नाही कधी.

घोषणा सोबत पाठवते. सात-चाळीसच्या बोटीची आहे, म्हणजे तुझ्या गावाकडे येणाऱ्या. त्या बोटीला पाच तास लागतात असं ऐकते. वाचून बघ आणि कुठे सैल, कुठे घट्ट वाटलं तर कळव. तुझा हात कापडावर बसलेला आहे, तुला मापातलं कळतं.

काम एवढंच.

तुझी ताई

(घोषणा: उपस्थित सर्व सन्माननीय प्रवाशांस नम्रपणे कळविण्यात येते की, पैलतीरास जाणारी सात वाजून चाळीस मिनिटांची बोट प्रस्थानासाठी सिद्ध असून, प्रवाशांनी विलंब न करता, शांततेने व रांगेने, आपापल्या सामानासह बोटीत स्थानापन्न व्हावे. धक्क्याच्या कडेला कोणीही उभे राहू नये.)

१९ फेब्रुवारी

प्रिय बारके,

तुझं उत्तर आलं नाही. घाईत असशील. लग्नाच्या ब्लाउजांचे दिवस आहेत.

सोमवारी घोषणेचा पहिला दिवस झाला. आपल्या गावात यावर लोक अजून हसतायत आणि तुझ्यापर्यंत ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून तिखटमीठ लावून पोचेल, त्यापेक्षा मीच सांगते.

मी सातलाच गेले होते. इस्त्रीची साडी, वहाणा पुसलेल्या. घोषणा माझ्याच आवाजात टेपवर घेतली होती. साहेब हात मागे बांधून उभे. सात-तीसला कर्णा खरखरला आणि माझा आवाज धक्काभर पसरला: "उपस्थित सर्व सन्माननीय प्रवाशांस नम्रपणे कळविण्यात येते की..."

धक्का गप्प झाला. मला वाटलं, वा, काय शांतता आहे. मग हमालांच्या मुकादमानं डोक्यावरचं खोकं हळूच खाली ठेवलं आणि टोपी काढली. त्याच्या मागच्या आठजणांनीही काढली. फळवालीनं तराजू झाकला. एक बाई दुसरीला विचारायला लागली, "कोण गं? कोण गेलं?" दुसरी म्हणाली, "अजून नाव आलं नाही, थांब." तिकिटाच्या खिडकीतला कारकून खिडकी लावून बाहेर येऊन मान खाली घालून उभा राहिला. सगळे नावाची वाट बघत होते. कर्णा म्हणाला, "पैलतीरास जाणारी," आणि तीन बायकांनी डोळ्यांना पदर लावला.

बारके, माझ्या लक्षात आलंच नव्हतं. आपल्या गावात कर्ण्यावरून कोटातली बोली ऐकू येते ती एकाच कामासाठी. सभागृहाच्या कर्ण्यावरून, कुणी वारलं की. आणि गेली वीस वर्षं ती निवेदनं वाचतं कोण? मीच. दुसरं कुणी अडखळल्याशिवाय वाचत नाही म्हणून. माझा आवाज ऐकला की लोक चप्पल शोधतात, हे मला माहीत होतं, पण मला वाटायचं ते आदरानं.

सात-चाळीसची बोट सात-चाळीसला सुटली. सरकारी आहे, ती कुणासाठी थांबत नाही. आत चारजण होते, त्यातला एक आदल्या फेरीत झोपला म्हणून बोटीतच राहिला होता. एकशे साठ माणसं धक्क्यावर टोपी हातात घेऊन उभी. बोटीनं भोंगा दिला, तोही लोकांना अंत्ययात्रेचाच वाटला.

दहा वाजेपर्यंत घरी माणसं यायला लागली. शेजारची काकू चहाचा थर्मास घेऊन आली आणि माझा हात धरून म्हणाली, "कळलं गं. पण कोण ते नीट ऐकू नाही आलं." मी सांगितलं, काकू, कुणी नाही, बोट आहे. ती म्हणाली, "बुडाली?"

साहेबांनी मला बोलावून घेतलं. रागावले नाहीत. म्हणाले, "मिस, कोट उतरवा." मी म्हटलं, उतरवते.

मार्च संपेपर्यंत मुदत दिली आहे. तोवर घोषणा जमली नाही तर पुन्हा सरकारी भाषा. ती पडलेली म्हातारी परवा मला बाजारात भेटली. म्हणाली, "तुझ्यापेक्षा ते सरकारीच बरं होतं. कळत नव्हतं, पण रडू तरी येत नव्हतं."

तू हसलीस का गं? मला आवडेल तू हसलीस तर.

तुझी ताई

२ मार्च

प्रिय बारके,

उत्तर नाही. हे तिसरं पत्र. आता कामाचं आहे असंही म्हणत नाही.

मी गंजीफ्रॉकातली घोषणा लिहायला बसले. चार दिवस बसले. मला येत नाही असं नाही. आईशी मी तिच्यातच बोलायचे, मांजराशी अजून बोलते. पण पेन हातात घेतलं की मदर माझ्या मानेमागे येऊन उभी राहते. तुला सांगायचे ना, मिशनच्या शाळेत घरची बोली तोंडातून निघाली की मदर नळावर चूळ भरायला पाठवायची? "जा, तोंड धुऊन ये." मारायची नाही, प्रेमानंच सांगायची. पहिल्या वर्षी माझे दात अख्ख्या शाळेत स्वच्छ होते. दुसऱ्या वर्षी नळाकडे जायची वेळच येईना. मला केवढा अभिमान वाटला होता.

तुझ्या मुलाखतीला मी बाबांबरोबर आले होते. मदरनं तुला नाव विचारलं आणि तू चार वर्षांची ठेंगणी तिला म्हणालीस, "तुझं डोकं का बांधलंय गं? दुखतंय?" बाबांच्या कोटाला घाम फुटला. मदर हसली, पण तुला घेतलं नाही. मी सात वर्षांची, कुणी न सांगता मध्येच उभी राहून प्रार्थना म्हणून दाखवली, घराण्याची अब्रू राखायला. त्या दिवसापासून मी मधेमधे उभी राहतेच आहे.

घोषणेचं सांगत होते. शेवटी एक मजकूर जुळवला. "ए लोकहो, बोट आली, चढा पटापट" अशा थाटाचा. मुकादमाला धक्क्यावर वाचून दाखवला. तोच, टोपी काढलेला. त्यानं पूर्ण ऐकून घेतलं. मग इकडेतिकडे बघून हळूच विचारलं, "मिस, आम्ही काही चुकलो का?"

"का रे?"

"नाही, आमची नक्कल करताय म्हणून विचारलं."

मी म्हटलं, अरे, नक्कल कशी, ही माझीपण बोली आहे. तो म्हणाला, "असेल ना. आमच्या म्हातारीच्या पेटीत पण लग्नातला शालू आहे. पण ती तो नेसून आली तर आम्ही विचारणारच ना, काय झालं म्हणून."

मला रागही आला नाही. घरी आले, पाणी प्यायले आणि तुला हे लिहायला बसले. जे लिहायचं ते नऊ कार्डांत लिहिलं नव्हतं.

बाबांच्या शोकसभेत तू उभी राहिलीस. कागद नव्हता तुझ्या हातात. तू म्हणालीस, "आमचा बाबा संध्याकाळी कोट खुंटीला लावायचा आणि मग आमचा व्हायचा." मग कोंबड्यांना तो हिशेब समजावून सांगायचा ते सांगितलंस. शेडमध्ये उभ्या उभ्या झोपायचा आणि साहेब आला की झोपेतच "होय साहेब" म्हणायचा, तेही सांगितलंस. सभागृह हसत होतं आणि नाकं पुसत होतं. पहिल्या रांगेत बंदराचे तेव्हाचे मोठे साहेब बसले होते, त्यांचा चेहरा कोरा. आणि मी उठले. माझ्या तोंडून निघालं, "दिवंगतांच्या कनिष्ठ कन्येचे म्हणणे असे की, कार्यालयीन वेळेनंतर ते कुटुंबवत्सल असत."

तू माझ्याकडे बघितलंस. पुढचं वाक्य बोललीस, अडखळत. मी त्याचंही भाषांतर केलं. "ते पशुपक्ष्यांवरही प्रेम करीत." सभागृह हसायचं थांबलं. तू म्हणालीस, "ताई, मी परदेशातून नाही आले." आणि खाली बसलीस. सकाळच्या बोटीनं गेलीस.

मी सगळ्यांना सांगत आले, साहेबांना कळावं म्हणून केलं, सवयच ती, तीस वर्षांची नोकरी. सवय होती हे खरं. पण बारके, त्या वेळी मला तुझी लाज वाटली होती. साहेबांसमोर. बाबांचा फोटो समोर असताना. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, मांजरालासुद्धा.

घोषणेचं काम जमो न जमो. तुझं उत्तर यावं एवढीच इच्छा आहे. दोन ओळींचं चालेल. शिवी असली तरी चालेल, फक्त तुझ्या बोलीतली असू दे.

तुझी ताई

१५ मार्च

बारके,

गेल्या आठवड्यात तुझं पाकीट आलं. जाड होतं. मी ते आधी टेबलावर ठेवलं, मग खुर्चीवर, मग मांडीवर, आणि तासाभरानं फोडलं. आत पत्र नव्हतं. कापडाचे नमुने बेततेस तसल्या खाकी कागदावर माझी घोषणा होती, कातरलेली, आणि टाचण्यांनी टाचलेली.

मी हसले गं. इतकी हसले की काकू भिंतीपलीकडून म्हणाली, "बरी आहेस ना?"

माझ्या एवढ्या लांबरुंद घोषणेतून तू "बोट" ठेवलीस. "सात", "चाळीस" ठेवलंस. "सामान" ठेवताना त्याचं शेपूट छाटलंस. "कडेला" ठेवलंस. मधल्या जागा पेन्सिलीनं भरल्यास. सुरुवातीला "चला" आणि शेवटी "मागे व्हा". बाकीचं सगळं, "सन्माननीय", "नम्रपणे", "प्रस्थानासाठी सिद्ध", "स्थानापन्न", वेगळ्या पुडीत बांधून परत पाठवलंस, गिऱ्हाइकाला उरलेलं कापड देतेस तसं. वर लिहिलंस, "उरलं ते." प्रामाणिक शिंपीण आहेस. या उरलेल्या कापडात अजून तीन घोषणा होतील.

एक गोष्ट विचारू? "नम्रपणे"वर कात्री चालवताना तू दोनदा थांबलेली दिसतेस. कागदाला तिथे दोन खाचा आहेत. मी त्यावर फार विचार केला. मग वाटलं, कात्रीला धार नसेल.

बुधवारी मी ती घोषणा कर्ण्यावरून वाचली. "चला. सात-चाळीसची बोट. सामान घ्या. कडेला कोण आहे, मागे व्हा." तुझे शब्द, तसेच्या तसे. टोपी कुणी काढली नाही, ही प्रगती. पण चढलंही कुणी नाही. सगळे कर्ण्याकडे बघत राहिले. दुपारी दवाखान्यातला कंपाउंडर घरी येऊन माझा रक्तदाब मोजून गेला. त्याला कुणी पाठवलं ते सांगेना.

मुकादमानंच उलगडा केला. "शब्द बरोबर आहेत, मिस. पण तुम्ही ते बोलताय असं वाटत नाही. कुणीतरी मागे उभं राहून तुमच्याकडून बोलवून घेतंय असं वाटतं. जबानीत बोलवतात तसं."

मी म्हटलं, अगदी खरं आहे. मागे माझी बहीण उभी आहे.

"बारकी?" त्याचा चेहरा उजळला. "ती कुठे असते आता? तिलाच बोलू द्या की."

एवढं साधं. मला चाळीस दिवस लागले आणि त्याला चार शब्द.

तर बारके, तू बोल. साहेबांनी छोटा टेपरेकॉर्डर दिला आहे. सात-चाळीसच्या बोटीवरच्या सुकाणूवाल्याबरोबर पाठवते, तो तुझ्या दुकानात आणून देईल आणि परतीला घेऊन येईल. लाल बटण दाबायचं, बोलायचं, दाबलेलं पुन्हा दाबायचं. नको वाटलं तर रिकामाच परत पाठव. मी काही म्हणणार नाही.

तुझ्या शब्दांत मी काही सुधारणार नाही. साहेबांनाही सांगून ठेवलं आहे.

ताई

२९ मार्च

बारके,

आज सकाळी तुझी टेप लागली. तू इथे नव्हतीस, म्हणून सगळं क्रमानं सांगते.

टेप काल संध्याकाळी आली. साहेब म्हणाले, आधी ऐकून घेऊ. मी म्हटलं, नको, थेट लावा. ते म्हणाले, तपासायला नको का? मी म्हटलं, आयुष्यभर तपासलं साहेब, एकदा तरी न तपासता ऐकू द्या. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, पण मानलं.

सात-तीसला कर्णा खरखरला. आधी तुझ्या यंत्राचा आवाज आला, खडखड खडखड, मग थांबला. मग तू.

"चला गं चला. सात-चाळीस लागली. काकी, ती पिशवी आधी आत टाक, मग तू. ए दादा, कडेवर काय उभा राहिलास, मागे हो, बायकोला कोण सांगणार? चला, बोट कुणाच्या बापाची नाही, सुटेल."

बारके, अख्खा धक्का हसला आणि अख्खा धक्का हलला. दोन्ही एकदम. कडेवर जे पाच-सहाजण उभे होते ते असे मागे सरले, की जणू तू त्यांना नावानिशी हटकलंस. पिशव्या आत पडायला लागल्या. पाण्यात पडलेली म्हातारी कर्ण्याकडे बघून म्हणाली, "टाकते गं, टाकते, दम धर." फळवालीला मुळात कुठे जायचंच नव्हतं, ती अर्ध्या फळीपर्यंत जाऊन परत आली. सात-अडतीसला बोट भरली. सुकाणूवाला म्हणाला, वीस वर्षांत असं झालं नाही.

आणि हे चढणं चालू असतानाच टेप पुढे चालत राहिली. तू बटण दुसऱ्यांदा दाबलंच नव्हतंस. की मुद्दाम? ते मी विचारणार नाही.

यंत्र पुन्हा सुरू झालं, थांबलं. तू कुणाला तरी म्हणालीस, "झालं ना? ऐकू जाईल ना हे ताईला?" मग म्हणालीस, "ताई, पत्रं पुरे झाली. किती लिहितेस. वाचून वाचून माझ्या सुईत दोरा जाईना. लाज वाटली होती ते लिहिलंस, बरं केलंस. मला माहीत होतंच. पण तू म्हणालीस, ते बरं झालं. ये आता इकडे. भाकरीपुरती जागा आहे. खोली लहान आहे, तुझी कपाटं आणू नकोस."

हे सगळं कर्ण्यावर. एकशे साठ माणसं, आठ हमाल, तिकिटाचा कारकून. कुणी हसलं नाही. मी खांबाला धरून उभी होते. मुकादमानं डोक्यावरचं खोकं तसंच ठेवून म्हटलं, "मिस, जा की. आम्ही बघू इकडचं." फळीवर उभी राहिलेली म्हातारी म्हणाली, "बहीण बोलावते आणि ही खांब धरून बसलीय."

साहेब माझ्याजवळ आले. त्यांना घोषणेतलं "सात-चाळीस" तेवढं कळलं होतं, पुढचं काहीच नाही. पण त्यांनी लोकांचे चेहरे बघितले होते. हळू आवाजात म्हणाले, "मिस, त्या शेवटी काय म्हणाल्या? जरा सांगता?"

माझं तोंड उघडलं, खोटं कशाला सांगू. जिभेवर वाक्य तयार होतं. "निवेदिकेचे म्हणणे असे की." तीस वर्षांचं यंत्र आहे, आपोआप चालतं.

मी म्हटलं, "घरचं आहे, साहेब. ते तसंच राहू द्या."

ते म्हणाले, "बरं," आणि वहीही उघडली नाही.

टेप उद्यापासून रोज लागणार आहे. साहेब शेवटचा भाग काढणार होते. मुकादम त्यांना म्हणाला, "मिस जाईपर्यंत राहू द्या, नाहीतर या जायच्या नाहीत." तेव्हा तुझी बहीण बोटीत चढेपर्यंत रोज सकाळी साडेसातला अख्ख्या गावासमोर तिला हाका मारल्या जाणार आहेत. मला सुटका दिसत नाही.

ताई

शुक्रवार, दुपार

बारके,

उद्याच्या सात-चाळीसनं येते. हे पत्र मी पोस्टात टाकत नाही, आज संध्याकाळच्या बोटीच्या सुकाणूवाल्याच्या हाती देते, म्हणजे माझ्याआधी एक बोट पोचेल आणि तुला खोली आवरायला वेळ मिळेल. आवरू नकोस.

मांजर काकूकडे ठेवलं. सामान एक पिशवी आहे. कपाटं आणत नाही.

दारात आल्यावर काय बोलायचं ते मी तीन वेळा लिहून काढलं. पहिलं पानभर झालं. दुसरं अर्धं पान, पण त्यात "क्षमस्व" आलं. तिसऱ्यात दोनच ओळी होत्या, साध्या, मला वाटलं जमलं. धक्क्यावर चहा घेताना मुकादमाला म्हणून दाखवल्या. त्यानं सवयीनं टोपीला हात घातला, मग माझ्याकडे बघून काढला. म्हणाला, "चांगलं आहे, मिस. पण हे तुम्ही म्हणायच्या आत ती तुम्हाला आत ओढेल."

तिन्ही कागद फाडले.

मी दारात उभी राहीन. तू बोल. मी मध्ये बोलणार नाही.

ताई